कारण लिहा, तारीख लिहा

‘उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, आवश्यक कागदपत्रांची पूर्तता न झाल्याने आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’

फळ्यावर मी हे वाक्य लिहिते आणि विचारते, हे पत्र ज्या बाईंना मिळालं, त्या उद्या सकाळी काय करतील? वर्गात पनवेल तालुक्यातले तलाठी, ग्रामपंचायतींचे कर्मचारी, लिपिक असतात. कुणी म्हणतं, कार्यालयात येतील. कुणी म्हणतं, एजंटाकडे जातील. मागच्या रांगेतला एक जण खरं सांगतो, ‘त्यांना वाटेल काम झालं. दाखल झाला म्हणजे घेतला, असंच समजतात लोक.’ अर्ज बंद झाला आहे आणि बाई निश्चिंत आहेत. बारा महिने त्या वाट बघतील.

मग मी त्याच कर्मचाऱ्याला सांगते, समजा त्या बाई समोर उभ्या आहेत, त्यांना तोंडी सांगा. तो एका दमात सांगतो, ‘मावशी, काकांचा मृत्यूदाखला जोडलेला नाही. तो घेऊन या, मग वारस नोंद धरतो.’ काय कमी आहे, काय आणायचं, आणल्यावर काय होईल, सगळं आलं. मी म्हणते, हेच लिहा. वर्ग गप्प होतो. पहिला प्रश्न नेहमी हाच येतो, ‘असं कागदावर कसं लिहिणार?’

कार्यालयीन संवादाचं प्रशिक्षण म्हटलं की लोकांना हसतमुख राहणं, नमस्कार करणं, टाय-बूट असलं काहीतरी आठवतं. माझा अनुभव वेगळा आहे. या माणसांना बोलायला शिकवावं लागत नाही. पळस्प्यासारख्या गावात, जिथे पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता वेगळा होतो आणि कंटेनरच्या आवाजावर आवाज चढवून बोलावं लागतं, तिथे तलाठी दिवसभर समजावूनच सांगत असतो. शासनाने आता त्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं, तरी लोकांसाठी तो भाऊसाहेबच आहे. बोलताना असलेली ही समज पेन हातात घेतल्यावर कुठे जाते, ते शोधणं हे माझं काम.

सर्वात जास्त वेळ मी फेरफाराच्या नोटिशीवर घालवते. या तालुक्यात त्याला कारण आहे. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा, ८४ किलोमीटरचा; काम २०११ साली सुरू झालं. शेजारी विमानतळ आला, त्याच्याभोवतीच्या गावांसाठी ‘नैना’ची आखणी आली. गुंठ्याला भाव आला आणि सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला वजन आलं. भाऊ डोंबिवलीला, बहीण उरणला, आई एकटी घरात. अशा घरी नमुना ९ची नोटीस जाते. आईला कायद्याचं कलम समजलं नाही तरी चालेल. तिला पाच गोष्टी समजल्या पाहिजेत: गट नंबर कोणता, कुणाचं नाव लागणार किंवा कमी होणार, कशाच्या आधारावर, मान्य नसेल तर कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत हरकत द्यायची, आणि गप्प राहिलं तर काय होईल. छापील नमुना बदलण्याचा अधिकार तलाठ्याला नाही, हे मला मान्य आहे. पण सोबत चार ओळींचं साधं पत्र जोडायला कुणी अडवलेलं नाही. ‘पंधरा दिवसांच्या आत’ याऐवजी थेट शेवटची तारीख लिहायलाही नाही. दिवस कधीपासून मोजायचे, हे त्या आईने का शोधावं?

ती चार ओळींची पत्रं लिहून झाली की जोड्या करते. एक जण वाचतो, दुसरा अर्जदार होऊन ऐकतो आणि आपल्या शब्दांत परत सांगतो. तालुक्यात आगरी बोलणारी माणसं पुष्कळ. कर्मचारी मात्र बदलीने लातूर, अकोला, कुठून कुठून आलेले. म्हणून शक्य तेव्हा ऐकणारा स्थानिक घेते. एकदा पत्र वाचून संपल्यावर गावातला एक शिपाई म्हणाला, ‘मना काय समाजला नाय.’ लिहिणाऱ्याने कागद परत घेतला आणि दुसऱ्या वाक्याचे तीन तुकडे केले. माझ्या तासाभराच्या बोलण्याने झालं नसतं ते या एका वाक्याने झालं.

ऐकण्याचा सरावही असाच. कुळकायद्यात आजोबांचं नाव लागलं तिथून माणूस सुरुवात करतो, आणि खिडकीमागचा लिपिक दुसऱ्याच वाक्याला विचारतो, ‘काम काय ते बोला.’ त्याचीही अडचण खोटी नाही, मागे रांग असते. पण भावाने हक्कसोड कधी दिला, ही कामाची गोष्ट त्या लांबलचक हकिगतीतच दडलेली असते. म्हणून नियम एवढाच: पूर्ण ऐका, दोन वाक्यांत परत सांगा, ‘बरोबर का?’ विचारा, मग फॉर्म द्या. चुकीचा फॉर्म भरून परत आलेला माणूस दुप्पट वेळ खातो.

वर्गातली भीती मात्र मी हलक्यात घेत नाही. ‘स्पष्ट लिहिलं की माणूस अडकतो,’ असं अनुभवी लिपिक सांगतात. माहितीचा अधिकार २००५मध्ये आला, प्रत्येक टिपणी बाहेर जाऊ शकते. उद्या कोर्टात आपलंच वाक्य आपल्यापुढे येईल. मी त्यांच्यापुढे २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम ठेवते. अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी नोंदवावंच लागतं. अर्जदाराला तीस दिवसांत अपील करता येतं. आणि पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘पूर्तता न झाल्याने’ हे कारण अपिलात टिकणं कठीण. ‘मृत्यूदाखला जोडलेला नाही, अमुक तारखेला तसं कळवलं, आजपर्यंत मिळालेला नाही’ हे टिकतं. ‘कार्यवाही करण्यात येईल’ या वाक्यात कोण करणार ते नाही, कधी ते नाही. त्यामागे लपता येतं असं वाटतं, पण चौकशी लागली की तेच वाक्य सगळ्या टेबलांवर संशय पसरवतं.

हे पटतं. माणसं खरोखर चांगली पत्रं लिहितात, काही तर माझ्यापेक्षा नेटकी. अडतं ते पुढे. मसुदा वर जातो आणि ‘मावशींना’ समजेल असं वाक्य लाल पेनाने पुन्हा ‘उपरोक्त विषयान्वये’ होऊन खाली येतं. खालच्या माणसाने दोनदा प्रयत्न केला की तिसऱ्यांदा तो जुनाच नमुना उघडतो, आणि त्याला दोष देणं अन्यायाचं आहे. म्हणून आता बोलावणं आलं की मी एक अट घालते: मसुदे दुरुस्त करणारा अधिकारीही वर्गात बसला पाहिजे, उद्घाटनापुरता नव्हे, दिवसभर. दुपारच्या सत्रात त्याच्याच टेबलावरून गेलेली पत्रं घ्यायची, नावं झाकून. नव्याने ती त्याने लिहायची, आणि वाचून दाखवायची शिपायाला.