घरभर एकच पडदे लावायचे का? कापड फाडून घेण्याआधी हे वाचा

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा दिवाळी तोंडावर आली की पडद्यांची खरेदी निघते. 'सगळे घर मॅचिंग हवे' म्हणून हॉलसाठी पसंत पडलेले कापड बेडरूमपासून थेट स्वयंपाकघरापर्यंत लागते. फोटोत ते छान दिसते. एप्रिलमध्ये मात्र पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर बसवत नाही.

मेळ नेमका कशाचा साधायचा?

रॉडचा रंग, रॉडची उंची, पडद्याची लांबी आणि मागचे अस्तर एवढे घरभर सारखे ठेवा. मग खोलीप्रमाणे कापड बदलले तरी घर विस्कळीत दिसत नाही. अस्तर पांढरे किंवा मोतिया घेतले, तर रस्त्यावरूनही सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसतात.

पश्चिमेच्या खिडकीचे काय?

पांढऱ्या अस्तराचा खरा उपयोग इथे होतो. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार, मध्यम रंगाच्या आणि मागे पांढरे प्लास्टिक अस्तर असलेल्या पडद्यांमुळे खिडकीतून येणारी उष्णता ३३ टक्क्यांनी कमी होऊ शकते. गडद, बिनअस्तराचा जाड पडदा उजेड अडवतो, पण स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

मुळात पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे ऊन घरात शिरल्यावरच तो ते अडवतो. त्यामुळे गॅलरीत बाहेरून बांबूचा पडदा सोडणे जास्त परिणामकारक. वाळ्याचे पडदे बाहेर टांगून त्यांवर पाणी मारणाऱ्यांना हे ठाऊक होते.

उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसे येत नाही. तिथे साधा झिरझिरीत पडदा पुरतो. वाचलेले पैसे पश्चिमेच्या अस्तरावर घाला.

कापड किती लागेल?

खिडकी ५ फूट रुंद असेल, तर रॉड दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे, म्हणजे ६ फूट. चुण्या नीट पडण्यासाठी कापड दुप्पट, म्हणजे १२ फूट. ४८ इंच पन्ह्याचे कापड असल्यास तीन पन्हे. दोनच पन्ह्यांत भागवले की पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो.

सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. ७ फुटी पडदा ३ टक्के आटला तरी अडीच इंच वर जातो. त्यामुळे शिवायला टाकण्याआधी कापड भिजवून घ्या. स्वयंपाकघरात गॅसजवळ लोंबता पडदा नकोच.

लहान मूल असेल तर?

ब्लाइंड्सच्या लोंबत्या दोरीचा फास मुलाच्या गळ्याला बसू शकतो. अमेरिकेत २०१८ च्या अखेरीस लागू झालेल्या मानकानुसार, दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड्स बिनदोरीचे, आखूड दोरीचे किंवा दोरी हाती लागणार नाही असे असावे लागतात. आपल्याकडे दुकानदाराला बिनदोरीचे ब्लाइंड्स मुद्दाम मागा. आधीच दोरीचे बसवले असतील, तर दोरी भिंतीवर उंच खुंटीला गुंडाळून ठेवा आणि पाळणा किंवा पलंग त्या खिडकीपासून लांब सरकवा.