उरलेल्या बळाची मशागत

घरातला कर्ता माणूस झाडावरून पडतो, बैलगाडीखाली सापडतो किंवा कडबाकुट्टीत त्याचा हात जातो. दवाखाना होतो, पैसा जातो, आणि माणूस घरी येतो तो खाटेवरच. ओसरीच्या कोपऱ्यात खाट पडते. “आता काही करू नका, नुसते पडून राहा,” असे सारे मायेने सांगतात. पण ही मायाच पुष्कळदा घात करते.

आपल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचेच पाहा. १९४४ साली जन्मलेला हा गडी सैन्यात गेला आणि मुष्टियुद्धात नाव काढू लागला. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. ठोसे मारणाऱ्या पैलवानाला उभेही राहता येईना. उपचार म्हणून त्यांना पोहण्याचा सल्ला मिळाला. अंगाचा भार पाणी पेलते. हात-खांद्यांनी पाणी कापले की पाय मागोमाग येतात. गेलेल्या पायांचा विचार सोडून पेटकरांनी हातांचे बळ वाढवले. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकले. अशा स्पर्धेत सोने मिळवणारे ते पहिले भारतीय. सरकारने पद्मश्री दिली ती २०१८ साली, तब्बल ४६ वर्षांनी!

कोणी म्हणेल, खेळ ही रिकाम्या माणसाची चैन. तसे नाही. इंग्लंडमधील डॉ. लुडविग गुटमन यांनी दुसऱ्या महायुद्धातील पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी खेळ हा औषधासारखा वापरला. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नसत. पडून पडून पाठीला जखमा होत, लघवीच्या मार्गात विषार होई आणि त्यातच ते दगावत. गुटमननी त्यांना उठवून बसवले, हाती चेंडू आणि धनुष्यबाण दिले. २९ जुलै १९४८ रोजी १६ जखमी स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा त्यांनी भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेच.

आता अलीकडचे उदाहरण. आटपाडी तालुक्यातील करगणीच्या शेतकरी कुटुंबातला सचिन खिलारी. लहानपणी सायकलवरून पडून हात मोडला, पुढे तो चिघळला आणि कायमचा अधू झाला. पण दुसरा हात शाबूत होता! त्या हाताने त्याने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले.

आपल्या घरातील प्रत्येकाला पदक मिळेल असे नाही, आणि त्याची गरजही नाही. पण अंग लुळे पडलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी. दुखणे त्याला कळत नसते, म्हणून घरच्यांनी रोज पाठ, कुल्ले आणि टाचा तपासाव्यात. तांबडा डाग दिसला तर त्या जागी भार पडू देऊ नये. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्याने थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग वर उचलावे. म्हणजे बघा, हात बळकट असतील तर जीवही सुरक्षित राहतो. डॉक्टरांना विचारून हातांचा व्यायाम सुरू करावा, मग चेंडू, मग गोळा. पोहायचे असेल तर जाणता माणूस जवळ हवाच. विहिरीत एकट्याने कधीही उतरू नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखलाही काढून ठेवावा; सवलतींना आणि स्पर्धांना तो लागतो.

निम्मे रान पुराने खरवडून नेले म्हणून शेतकरी उरलेले निम्मे पडीक टाकत नाही. उलट त्याचीच जास्त मशागत करतो. शरीराचेही तसेच आहे. तेव्हा खाट कोपऱ्यातून अंगणात आणा आणि मुलांना सांगा, आबांकडे चेंडू टाका.