सावलीत उशिरा सावरणारे पान

सोयाबीनच्या शेतावरून ढग सरकतो आणि क्षणात ऊन ओसरते. पान मात्र उन्हाच्याच तयारीत राहते. भर उन्हात त्याला वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश मिळतो. त्या ऊर्जेने पेशींना इजा होऊ नये म्हणून पान ती उष्णतेच्या रूपात टाकून देते. हे संरक्षण झटपट सुरू होते, पण सावली आल्यावर ते उतरायला कित्येक मिनिटे लागतात. प्रकाशाची चणचण असते नेमकी तेव्हाच ऊर्जा वाया जाते. दाट पिकात वाऱ्याने वरची पाने हलली तरी खाली ऊन-सावली बदलते, त्यामुळे हा तोटा दिवसभर साचत जातो. तो अटळ नाही, हे अमेरिकेतील स्टीफन लाँग आणि कृष्णा नियोगी यांच्या गटांनी 2016 मध्ये दाखवले. जनुकीय बदलाने तीन प्रथिनांचे प्रमाण वाढवताच तंबाखूची पाने लवकर सावरली आणि शेतातल्या झाडांचे कोरडे वजन 14 ते 20 टक्क्यांनी वाढले.

कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीला जे साधले नाही ते माणसाला कसे साधेल, असा आक्षेप घेतला जातो. पण उत्क्रांतीने झाडाला रानात तगायला शिकवले. एकरी उतारा वाढवणे हे तिचे काम नव्हते. रानात जीव वाचवणारी सावधगिरी खतपाणी मिळणाऱ्या पिकात महाग पडते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पानात साखर वाढली म्हणून दाणे वाढतीलच असे नाही. मात्र कार्बन डायऑक्साइड वाढला की पानात साखर जास्त बनते, आणि अमेरिकेतील इलिनॉयमध्ये उघड्या शेतात तो वाढवून घेतलेल्या सोयाबीनचे उत्पादन सुमारे 15 टक्क्यांनी वाढले होते. जादा साखर दाण्यापर्यंत पोचते, याचा हा पुरावा. पुढे 2022 मध्ये, तोच तीन प्रथिनांचा बदल केलेल्या सोयाबीनचे उत्पादन सरासरी 24 टक्क्यांनी वाढल्याचे प्रसिद्ध झाले. दाण्यातले प्रथिन आणि तेलही घटले नाही.

तरीही घाई नको. त्याच सोयाबीनच्या चाचणीत पुढच्या हंगामात पीक लोळले आणि तशी ठळक वाढ दिसली नाही. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात तर याच बदलाने वाढ खुंटली. यावरून कल्पना चुकीची ठरत नाही. ती प्रत्येक पिकात, अनेक हंगामांत पारखावी लागेल, एवढेच ठरते. मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू सोयाबीनला शेंगा भरताना पावसाचा खंड पडला, तर उणीव पाण्याची असते, प्रकाशाची नव्हे. म्हणून 24 टक्क्यांचा आकडा इथल्या शेतकऱ्याला आश्वासन म्हणून देणे अन्यायाचे होईल. पण पानातली ही गळती खरी आहे आणि ती बुजवता येते. इथल्या मातीत, इथल्या पावसात ती किती बुजते, हे मोजण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.