निगेटिव्ह कोणाची?

दूरचित्रवाणीचे पहिले दिवस : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण न्यू यॉर्कच्या स्टुडिओंमधून होणाऱ्या थेट प्रसारणाची धांदल पाहिली. कार्यक्रम एकदा झाला की संपला, अशी ती तऱ्हा होती. ती मोडून काढण्यात जिचा मोठा वाटा आहे, त्या लूसिल बॉलला लोक ओळखतात ते डोळे मोठे करून रडणारी विनोदी नटी म्हणून. तिच्यातली उद्योजिका बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

लूसिलचा जन्म ६ ऑगस्ट १९११चा, न्यू यॉर्क राज्यातल्या जेम्सटाउनचा. ती तीन वर्षांची असताना वडील विषमज्वरानं गेले, मग आजोळी वाढली. न्यू यॉर्कच्या नाट्यशाळेत बेटी डेव्हिस तिच्याबरोबर शिकत होती. ती गाजत होती आणि लूसिल मात्र इतकी बुजरी, की हिच्यावर पैसे खर्च करू नका असं शिक्षकांनी घरी कळवलं, असं ती पुढे सांगत असे. मॉडेलिंग केलं, १९३३ साली ‘रोमन स्कँडल्स’मध्ये नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात उभी राहिली, मग आरकेओ कंपनीत पगारी नटी झाली. ‘स्टेज डोअर’मध्ये (१९३७) कॅथरिन हेपबर्न आणि जिंजर रॉजर्स पुढे, ही मागे. एमजीएमनं केस लाल रंगवले, भूमिका मात्र बेताच्याच दिल्या. तिथे एकच गोष्ट कामाची झाली. मूकपटांचा बादशहा बस्टर कीटन त्या स्टुडिओत पडेल ते काम करत होता. हातातल्या वस्तूतून हशा कसा काढायचा, हे त्यानं तिला शिकवलं. चाळिशी जवळ आली तरी तिची ओळख दुय्यम चित्रपटांची राणी एवढीच होती.

मग रेडिओ आला. ‘माय फेवरिट हजबंड’ ही तिची मालिका चालली आणि सीबीएस या प्रसारण कंपनीनं ती टीव्हीवर करायला सांगितली. तिची अट एकच होती : पडद्यावरचा नवरा माझा खराच नवरा असेल. देसी आर्नाझ क्यूबाचा, बँड चालवणारा, इंग्रजीवर स्पॅनिश हेल असलेला. अमेरिकन प्रेक्षकांना हे जोडपं पटणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. दोघांनी १९५० साली गावोगावच्या रंगमंचांवर प्रयोग करून लोकांना ते पटतं हे दाखवून दिलं.

खरा पेच पुढे होता. टीव्हीचे बहुतेक प्रेक्षक पूर्वेकडे. कॅलिफोर्नियातून थेट प्रसारण केलं तर तिकडे जायचा तो किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेली धूसर प्रत. प्रायोजक सिगारेट कंपनी. तिला ते चालणार नव्हतं. न्यू यॉर्कला या, असं तिचं म्हणणं. लूसिल आणि देसीला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला तो असा : ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून एका संध्याकाळी चित्रण करायचं. तिन्ही कॅमेरे एकाच वेळी चालणार, म्हणजे दर शॉटला दिवे हलवता येणार नाहीत. ‘मेट्रोपोलिस’ चित्रित करणाऱ्या कार्ल फ्रॉइंडनं दिवे वर टांगून सगळीकडे सारखा उजेड पाडला. आजही कित्येक विनोदी मालिका अशाच चित्रित होतात.

फिल्मचा खर्च जास्त, म्हणून जोडप्यानं मानधनात कपात मान्य केली, पण बदल्यात निगेटिव्हची मालकी मागितली. सीबीएसनं ती दिली! एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाची रिळं कोण विकत घेणार, असाच तेव्हा सगळ्यांचा समज होता. या सौद्याचं श्रेय देसीचं, हे सांगायलाच हवं.

‘आय लव्ह लूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. पट्ट्यावरून वेगानं येणारी चॉकलेटं गुंडाळता न आल्यानं ती तोंडात, कपड्यांत, टोपीत कोंबणारी लूसी पाहिली की वाटतं, हे तिला तिथल्या तिथे सुचलं असावं. तसं नव्हतं. अशा करामती जमतील का, हे लेखिका मॅडेलिन प्यू आधी स्वतः करून बघायची आणि लूसिल तालमीत त्या घोटून घ्यायची. ती स्वतःला हजरजबाबी मानत नसे. माझ्या मते तिच्याबद्दलची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

१९५२ साली तिला दिवस गेले. लेखकांनी ते कथेतच आणलं. ‘प्रेग्नंट’ हा शब्द उच्चारायला मात्र सीबीएसची बंदी होती, आणि संहिता धर्मगुरूंच्या नजरेखालून जात. १९ जानेवारी १९५३ला पडद्यावरच्या लूसीला मुलगा झाला आणि त्याच दिवशी लूसिललाही. अंदाजे ४ कोटी ४० लाख लोकांनी तो भाग पाहिला; दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवरच्या शपथविधीला त्याहून कमी प्रेक्षक होते. तिला विश्रांती मिळावी म्हणून त्या काळात काही जुने भाग पुन्हा दाखवले, तर लोक तेही बघत बसले. तेव्हा कळलं की शिळ्या कार्यक्रमालाही भाव आहे.

तो भाव किती, हे १९५७ साली ठरलं. जुन्या भागांचे हक्क सीबीएसला चाळीस लाख डॉलरांहून जास्त रकमेला विकून या दोघांच्या देसिलू कंपनीनं सुमारे साठ लाखांत आरकेओचे स्टुडिओ घेतले. ज्या आवारात लूसिल पगारी नटी होती, ते आवारच तिचं झालं.

संसार मात्र टिकला नाही. देसीची दारू आणि बाहेरख्यालीपणा यांनी १९६० साली घटस्फोट झाला. १९६२ साली त्याचा हिस्सा विकत घेऊन ती एकटी कंपनीची प्रमुख झाली. एवढा मोठा टीव्ही स्टुडिओ तोवर कुणा बाईनं चालवला नव्हता. ‘स्टार ट्रेक’चा खर्च झेपणार नाही, असं हिशेब सांभाळणारे सांगत असतानाही तिनं होकार दिला. ‘मिशन : इम्पॉसिबल’ही तिथलीच. १९६७ साली तिनं कंपनी १ कोटी ७० लाख डॉलरना विकली.

त्यानंतरच्या मालिकांत ती लूसीच राहिली, आणि हे जरा जास्तच चाललं. १९८६च्या ‘लाइफ विथ लूसी’चे तेरा भाग बनले, आठ दाखवून मालिका बंद केली. तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती. २६ एप्रिल १९८९ रोजी ती गेली. ज्यांच्या पैशावर हा सगळा खेळ चालायचा, त्या प्रायोजकांच्या हुकमतीबद्दल पुढच्या आठवड्यात.