साम्य, अनुकरण आणि भाषांची साक्ष

बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाला विहारांत, व्याख्यानांत आणि चर्चासत्रांत एक प्रश्न हटकून विचारला जातो : कोणी कोणाचे घेतले? बुद्धाने उपनिषदांतून विचार उचलले, असे एक पक्ष मांडतो. इतरांनी आपल्या कथा व कल्पना बौद्धांकडून उचलल्या, असे दुसरा पक्ष सांगतो. पालि ही संस्कृतचीच बिघडलेली प्रत आहे, असे एकीकडे म्हटले जाते. पालि हीच आद्य व शुद्ध भाषा असून संस्कृत तिच्यावरून घडविली गेली, असे दुसरीकडे ठासून सांगितले जाते. दोन्हीकडे आवेश सारखाच असतो. प्रमाणे मात्र क्वचितच दिली जातात. या प्रश्नाचा निर्णय कोणत्या कसोटीने करावयाचा आणि ती कसोटी विद्वत्परिषदांतून कशी सिद्ध होत गेली, याचा थोडक्यात परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. साम्य ही एक गोष्ट आणि अनुकरण ही दुसरी. दोन ग्रंथांत सारखेपणा आढळला, तर चार शक्यता संभवतात : पहिल्याने दुसऱ्याचे घेतले असेल, दुसऱ्याने पहिल्याचे घेतले असेल, दोघांनीही एखाद्या तिसऱ्या, आज लुप्त झालेल्या उगमातून घेतले असेल, किंवा दोघांस ती गोष्ट स्वतंत्रपणे सुचली असेल. केवळ साम्यावरून यांपैकी एकीचीही निवड करता येत नाही. परीक्षकाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. दोन उत्तरपत्रिकांत एकच बरोबर उत्तर आढळले, तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. परंतु एकच विचित्र चूक दोन्हींत आढळली, तर परीक्षक तेथे थांबतो. भाषांच्या तुलनेत हेच तत्त्व लागू पडते. शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्याच्या अंगावर वाटेतील खुणा उमटतात आणि त्या खुणाच घेणारा कोण व देणारा कोण हे सांगतात.

या पद्धतीची चर्चा करण्यासाठी विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या, त्यांची सुरुवात १८७३ साली पॅरिस येथे झालेल्या प्राच्यविद्या परिषदेने झाली. १८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या परिषदेला डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर उपस्थित होते. त्याच परिषदेने हिंदुस्थानातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव केला आणि पुढे ग्रियर्सन यांच्या संपादनाखाली ती पाहणी ग्रंथरूपाने प्रकाशित झाली. १९१९ साली पुण्यात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. 'प्राच्यविद्या' या नावामागे पूर्वेकडील लोक हे अभ्यासाचा विषय आणि पश्चिमेकडील लोक हे अभ्यासक, अशी एक समजूत दडलेली होती. म्हणूनच १९७३ साली, आपल्या शताब्दीच्या वर्षी, त्या आंतरराष्ट्रीय परिषदेने आपले जुने नाव टाकून दिले. विषय झालेल्यांनी अभ्यासक व्हावे, हा या नामांतराचा खरा अर्थ होय.

आता या कसोटीचे एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. मध्ययुगीन युरोपात बार्लाम व जोसाफत या दोन संतांची कथा अत्यंत लोकप्रिय होती. हिंदुस्थानातील एका राजाला पुत्र होतो. हा पुत्र धर्ममार्गाकडे वळेल, असे भविष्य वर्तविले जाते. राजा त्याला जगातील दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडून ठेवतो. तरीही त्याला रोगी, वृद्ध आणि मृत्यू यांचे ज्ञान होते आणि तो राज्यत्याग करतो. रोमन कॅथॉलिक चर्चच्या संतांच्या पंजीत या दोघांची नोंद २७ नोव्हेंबर या दिवशी करण्यात आली होती.

ही कथा आमच्याच भूमीत एका परकीयाला खटकली होती. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिले, की बुद्धाची म्हणून सांगितली जाणारी कथा आणि जोसाफतची कथा यांत विलक्षण साम्य आहे. साष्टी बेटावरील कान्हेरीची लेणी पाहताना तेथील एका वृद्धाने ही लेणी जोसाफतच्या पित्याने पुत्राला एकांतात वाढविण्यासाठी खोदविली, असे त्याला सांगितले होते. कोतुला साम्य अचूक दिसले; दिशा मात्र दिसली नाही. ज्याला हे लोक बुद्ध म्हणतात तो मुळात आमचा संत जोसाफतच असावा, असा त्याचा तर्क होता. कान्हेरीत उभे राहूनही त्याला बुद्ध ही प्रत आणि जोसाफत हे मूळ वाटले. केवळ साम्यावर विसंबल्याने काय होते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

दिशा सापडली ती एकोणिसाव्या शतकात. १८५९-६० मध्ये लाबुले व लीब्रेख्ट यांनी या कथेचे मूळ बुद्धचरित्रात आहे हे दाखवून दिले आणि नंतरच्या संशोधकांनी एका नावाचा प्रवास जोडून त्या निष्कर्षाला भक्कम आधार दिला. 'बोधिसत्त्व' हा शब्द मध्य आशियातून पश्चिमेकडे जाताना अरबीत 'बूदासफ' असा झाला. अरबी लिपीत शब्दाच्या आरंभी 'ब' व 'य' ही अक्षरे सारखीच दिसतात. 'ब'खाली एक ठिपका असतो, 'य'खाली दोन. एका ठिपक्याच्या गोंधळाने 'बूदासफ'चा 'यूदासफ' झाला. त्यावरून जॉर्जियन भाषेत 'इओदासफ', ग्रीकमध्ये 'इओआसफ' आणि लॅटिनमध्ये 'जोसाफत' अशी रूपे झाली. 'जोसाफत'वरून 'बोधिसत्त्व' कोणत्याही नियमाने साधता येत नाही. उलट दिशेने मात्र प्रत्येक पायरीचा हिशेब लागतो. एका ठिपक्याने अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोतुचा तर्क उलटा फिरविला. पुढे १५९१ साली ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी जपानात छापलेल्या संतचरित्रांतही ही कथा आली; म्हणजे बौद्ध देशात बुद्धाचीच कथा परक्या संताच्या नावाने परत आली होती.

हे उदाहरण आपल्याला सुखावणारे आहे, कारण येथे देणारे आपण आहोत. परंतु कसोटी खरी असेल तर ती आपल्यालाही लागू केली पाहिजे. यासाठी १९७६ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे भरलेल्या परिसंवादाकडे वळावे लागते. 'सर्वात प्राचीन बौद्ध परंपरेची भाषा' हा त्याचा विषय होता. हाइन्त्स बेखेर्ट यांनी संपादिलेले त्याचे निबंध १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यांत नॉर्मन, ब्रॉ आदी विद्वानांचे निबंध आहेत. भगवंतांनी आपला उपदेश 'सकाय निरुत्तिया' शिकावा असे विनयपिटकात म्हटले आहे, त्यातील 'स्वतःची भाषा' म्हणजे कोणाची, बुद्धाची की शिकणाऱ्याची, हा तेथील वादविषयांपैकी एक होता.

या संशोधनाची भूमिका ल्यूडर्स यांनी तयार केली होती. त्यांचे निरीक्षण त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली, ग्रंथरूपाने आले. पालि ही एकंदरीत पश्चिमेकडील भाषारूपांशी जुळते. अशोकाच्या गिरनार येथील लेखात 'राजा' आहे तर ओरिसातील धौली येथील लेखात 'लाजा' आहे. पालीत 'राजा' हेच रूप आढळते. तथापि त्याच पालीत पूर्वेकडील रूपे विखुरलेली आहेत. नेहमीच्या नियमाने 'पुरो' व्हावे तेथे 'पुरे' आढळते. 'तं यथा' ऐवजी 'सेय्यथा' येते. प्रत्येक सुत्तात भेटणारे 'भिक्खवे' हे संबोधनही पूर्वेकडीलच मानले जाते. हे अवशेष सांगतात, की मगधाच्या परिसरातील बोलीतून उपदेश पश्चिमेकडील भाषेत आणला गेला आणि आणताना कित्येक ओळखीची रूपे तशीच ठेवली गेली.

यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि ते दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीचे आहेत. पालि ही अभिजात संस्कृतची बिघडलेली प्रत नव्हे. संस्कृतात 'इह' आहे तेथे पालीत 'इध' आहे. इराणच्या अवेस्ता भाषेशी तुलना केली असता 'ध' असलेले रूपच अधिक प्राचीन ठरते. प्रत मुळापेक्षा जुनी असू शकत नाही. दुसरीकडे, पालि ही कोणाचाही स्पर्श न झालेली, बुद्धाच्या मुखातून निघाली तशीच राहिलेली भाषा आहे, हेही टिकत नाही. पालीच्या स्वाभाविक नियमाने 'ब्राह्मण' या शब्दातील जोडाक्षर सुटायला हवे होते. अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत 'बाभन' असे रूप आहे. पालीत मात्र 'ब्राह्मण' जसाच्या तसा आहे. 'कत्वा'सारख्या रूपांतील 'त्वा'ही संस्कृतच्या वळणाने पुन्हा बसविलेला आहे. पालीने घेतलेही आहे आणि राखलेही आहे.

आता ज्या शब्दाशी आपल्या समाजाचे मन गुंतलेले आहे, त्या शब्दाकडे येऊ. 'अत्त दीप भव' हे वाक्य आपल्या फलकांवर, पत्रिकांवर, घराच्या भिंतींवर असते आणि 'स्वतःच स्वतःचा दिवा व्हा' असा त्याचा अर्थ केला जातो. महापरिनिब्बानसुत्तात भगवंतांनी आनंदाला केलेल्या उपदेशात 'अत्तदीप' हा शब्द अनेकवचनी येतो. फलकांवरील तीन शब्दांचे वाक्य त्यावरून नंतर घडविले गेले. पालीत संस्कृत 'दीप' आणि 'द्वीप' या दोन्ही शब्दांचे रूप 'दीप' असेच होते. मग तथागतांना अभिप्रेत काय होते, दिवा की बेट?

येथेही इतर भाषांची साक्ष काढावी लागते. मध्य आशियातील तुर्फान येथे याच सुत्ताच्या संस्कृत पाठाचे अवशेष मिळाले आणि वाल्डश्मिट यांनी ते १९५०-५१ मध्ये संपादित केले. तेथे शब्द 'द्वीप' आहे. आचार्य बुद्धघोषांची अट्ठकथाही महासमुद्रातील बेटाचीच उपमा देते. धम्मपदाच्या अप्पमादवग्गात पुराने बुडणार नाही असे 'दीप' उभारण्यास सांगितले आहे. पुराचा संबंध बेटाशी आहे, दिव्याशी नाही. मात्र इ.स. ४१२-४१३ मध्ये चीनमध्ये झालेल्या दीर्घागमाच्या भाषांतरात 'स्वतः प्रज्वलित व्हा' अशा आशयाचा शब्द आहे. म्हणजे दिव्याचा अर्थ ही आधुनिक महाराष्ट्राची कल्पना नव्हे. सोळाशे वर्षांपूर्वीही काहींनी तसेच वाचले होते. आपल्या किनारपट्टीलाही ही गुंतागुंत ठाऊक आहे : गुजरातच्या किनाऱ्याजवळील 'दीव' हे नाव 'द्वीप' शब्दापासून आले आहे आणि घरातला 'दिवा' मात्र 'दीप' शब्दापासून.

प्रमाणांचा कौल बेटाच्या बाजूने आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. यामुळे आपले काही हरवते काय? बुडणाऱ्याला पाय टेकण्यास जागा मिळावी आणि ती जागा त्याने दुसऱ्याच्या कृपेने न मिळविता स्वतः उभारावी, हा अर्थ आपल्या समाजाच्या इतिहासाशी दिव्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक जुळतो. दिव्याचा अर्थ श्रद्धेने जपणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु दुसऱ्याच्या ग्रंथातील 'जोसाफत' खोडताना ज्या कसोटीचा आपण आनंदाने स्वीकार करतो, ती आपल्या फलकापुढे येताच नाकारणे हे मात्र धम्माला धरून होणार नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी हाच मार्ग आखून दिला आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी पहिलाच प्रश्न उपस्थित केला तो रोगी, वृद्ध व मृत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला या पारंपरिक कथेवर. जी कथा जोसाफतच्या रूपाने अर्ध्या जगाने उचलली, तीच त्यांनी बुद्धीच्या कसोटीवर तपासली. त्यांनी केलेले पालि व्याकरण व कोशाचे कार्य १९९८ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट यांनी १९३७ साली विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांची तुलना प्रसिद्ध केली, ती चिनी भाषा आत्मसात करून. परंपरा आपल्याकडे आहे; ती चालविणारे हात हवेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठी व प्राकृत यांच्यासह पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. या दर्जाने सन्मान मिळाला. अभ्यास आपणच करावयाचा आहे. विहारांतील अभ्यासवर्गांनी एखादे छोटे सुत्त घ्यावे, त्याचा पालि पाठ, उपलब्ध संस्कृत पाठ आणि चिनी पाठाचे भाषांतर शेजारी शेजारी ठेवावे आणि जेथे शब्द जुळत नाहीत तेथे थांबावे. आपल्यापैकी काही तरुणांनी संस्कृत, तिबेटी, चिनी यांपैकी एक तरी भाषा नेटाने शिकावी आणि विद्वत्परिषदांत श्रोते म्हणून न जाता निबंध घेऊन जावे. भगवंतांनी आपल्या धम्माला 'एहिपस्सिक' म्हटले, म्हणजे 'या आणि पाहा' असे आवाहन करणारा. ते आवाहन आपल्या आवडत्या शब्दांनाही लागू आहे.