बुर्ज दुबई की बुर्ज खलिफा? जगातल्या सगळ्यात उंच टॉवरचं नाव आणि फोटो नेटवर कसे ठरतात

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी चिपळूणहून मामाचा फोन आला. आवाज उतरलेला होता. "अगं, मी तीन वर्षं जिथे राबलो, ती बिल्डिंगच नाही म्हणतोय हा पोरगा."

पोरगा म्हणजे गल्फमध्ये माणसं पाठवणाऱ्या एका एजन्सीतला मुलगा. माझा मामा इलेक्ट्रिशियन. २००६ ते २००९ तो दुबईत होता आणि त्याच्याकडे कंपनीचं अनुभवाचं पत्र आहे. त्यावर प्रोजेक्टचं नाव लिहिलंय 'बुर्ज दुबई'. आता सुपरवायझरच्या नोकरीसाठी अर्ज भरताना त्या मुलाने एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये हे नाव टाकलं, तर उत्तर आलं 'काही सापडलं नाही'. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. त्याने हे नाव कधी ऐकलंच नव्हतं. पत्र बोगस तर नाही ना, असा त्याचा सूर.

मामा बोगस नाही आणि पत्रही नाही. गडबड त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी रोज असलीच सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे मला आधी लाज वाटली आणि मग वाटलं की यावर नीट लिहायला हवं. कारण एखाद्या टॉवरचं कुठलं नाव दाखवायचं आणि कुठला फोटो लावायचा, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही.

आधी नावाची गोष्ट

दुबईतल्या या टॉवरचं काम २००४ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून सगळीकडे त्याचं नाव एकच होतं, बुर्ज दुबई. 'बुर्ज' हा अरबी शब्द. आपल्या किल्ल्यांचा 'बुरूज' हा त्याच शब्दाचा फारसीमार्गे आलेला भाऊ. म्हणजे अर्थ साधा, दुबईचा बुरूज.

जुलै २००७ मध्ये या टॉवरने तैपेई १०१ ला उंचीत मागे टाकलं, तेव्हाही बातम्यांमध्ये नाव बुर्ज दुबईच होतं. मग जगभर मंदी आली आणि दुबई कर्जात अडकली. डिसेंबर २००९ मध्ये शेजारच्या अबुधाबीने १० अब्ज डॉलर्सची मदत केली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ४ जानेवारी २०१० ला, उद्घाटनाच्या कार्यक्रमातच नवीन नाव जाहीर झालं. अबुधाबीचे शासक आणि यूएईचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शेख खलिफा बिन झायेद अल नाहयान यांच्या सन्मानार्थ 'बुर्ज खलिफा'. नक्की उंचीही तोवर गुपित ठेवली होती. ती त्याच दिवशी कळली, ८२८ मीटर.

मामा ऑक्टोबर २००९ मध्येच परत आला होता. त्याच्या पत्रावर नवीन नाव येणार कुठून?

नाव वेगळं आणि ओळख वेगळी

आता तांत्रिक भाग. प्रोग्रॅमिंग शिकताना एक गोष्ट पहिल्याच वर्षी सांगतात, आणि नोकरीला लागल्यावर घाईत तीच आपण विसरतो. नावाला ओळख समजू नका. नाव बदलतं, एकाच नावाच्या दोन गोष्टी असतात, एकाच गोष्टीची पाच नावं असतात. म्हणून प्रत्येक गोष्टीला एक कायमचा नंबर द्यायचा आणि नावं त्याला जोडायची. लग्नानंतर कोणी आडनाव बदललं तरी आधार नंबर तोच राहतो ना, तसं.

विकिपीडियाच्या मागे 'विकिडेटा' नावाचा एक मोठा डेटाबेस आहे, तो असाच चालतो. या टॉवरला तिथे 'क्यू' अक्षराने सुरू होणारा एक नंबर आहे. त्या नंबरखाली अशी माहिती ठेवता येते:

- प्रत्येक भाषेतलं मुख्य नाव. मराठीसाठी एक, अरबीसाठी एक, जपानीसाठी एक.
- इतर नावं. जुनं नाव, टोपणनाव, 'खलिफा' आणि 'खलीफा' अशी वेगवेगळी स्पेलिंग्ज.
- कोणतं अधिकृत नाव कधीपासून कधीपर्यंत होतं, तारखांसकट.

विकिपीडियावर यासाठी 'पुनर्निर्देशन' असतं. जुनं नाव शोधलं की ते आपल्याला गपचूप नव्या नावाच्या पानावर नेऊन सोडतं. म्हणून तुम्ही बुर्ज दुबई शोधलंत तरी बुर्ज खलिफाच उघडतं. एजन्सीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच नव्हतं. तिथे प्रोजेक्टच्या नावांची सरळ यादी होती आणि जे टाइप केलं ते अक्षर-न्-अक्षर जुळलं तरच निकाल.

तुम्ही म्हणाल, नंबर दिला की झालं काम. पण नंबरही नीट निवडावा लागतो. आपल्या मुंबईचंच बघा. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये नावात 'महाराज' आलं. त्याबरोबर रेल्वेचा स्टेशन कोडही 'सीएसटीएम'चा 'सीएसएमटी' झाला. कोड नावावरूनच बनवलेला, म्हणून नाव बदललं की कोडही बदलला. विकिडेटाचा नंबर मुद्दाम अर्थहीन असतो तो यासाठीच. ज्यात अर्थच नाही, तो बदलायची वेळ कोणावर येत नाही.

मग मुख्य नाव कोणतं ठेवायचं?

इथे सहसा भांडणं होतात. इंग्रजी विकिपीडियाचा साधारण नियम असा आहे की, फक्त अधिकृत कागदावर काय आहे ते बघायचं नाही. विश्वासार्ह बातम्या आणि पुस्तकं ज्या नावाने ओळखतात ते नाव घ्यायचं. बुर्ज खलिफाच्या बाबतीत अडचण आली नाही, कारण सगळ्या जगाने नवं नाव लगेच उचललं. शिकागोमध्ये मात्र ४४२ मीटर उंचीच्या सिअर्स टॉवरचं नाव २००९ मध्ये विलिस टॉवर झालं, तरी तिथले कित्येक लोक आजही सिअर्सच म्हणतात. आपण नाही का अजून 'व्हीटीला उतरतो' म्हणत?

टोकियोने उलटा रस्ता धरला. तिथे नवा टॉवर बांधताना लोकांकडून नावं मागवली, त्यातली सहा निवडून २००८ मध्ये मतदान घेतलं आणि 'टोकियो स्कायट्री' हे नाव जिंकलं. उंची ठेवली ६३४ मीटर, कारण जपानीत ६, ३, ४ हे आकडे 'मु-सा-शी' असे वाचता येतात आणि मुसाशी हे त्या भागाचं जुनं नाव आहे. म्हणजे नाव लोकांनी दिलं आणि जुनं नाव उंचीत लपवून ठेवलं.

एवढा उंच टॉवर फोटोत मावत का नाही?

नावाचं झालं, आता फोटो. दुबईला जाऊन आलेल्या कोणाचेही फोटो बघा. टॉवर एकतर वरून कापलेला असतो, नाहीतर मागे पडत असल्यासारखा दिसतो. यात फोटो काढणाऱ्याची चूक नाही, हे गणित आहे.

साध्या फोनचा मुख्य कॅमेरा उभा धरला तर वरपासून खालपर्यंत साधारण ६७ अंशांचा भाग टिपतो. फोन अगदी सरळ धरला, तर त्यातला निम्मा म्हणजे साडेतेहतीस अंश क्षितिजाच्या वर असतो. ८२८ मीटर उंची तेवढ्या कोनात बसवायची, तर तुम्हाला टॉवरपासून सुमारे सव्वा किलोमीटर लांब जावं लागेल. अल्ट्रावाइड कॅमेऱ्याने हेच अंतर सहाशे-साडेसहाशे मीटरवर येतं. बहुतेक लोक त्याहून कितीतरी जवळ उभे असतात. मग फोन वर तिरका करावा लागतो, आणि तिरका केला की टॉवरच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. म्हणून तो पडल्यासारखा वाटतो.

म्हणजे चांगला प्रातिनिधिक फोटो हवा असेल तर काय बघायचं?

- पायापासून टोकापर्यंत सगळा टॉवर दिसतो का?
- दुरून आणि सरळ काढलेला आहे का?
- आजूबाजूच्या बिल्डिंगा दिसतात का? त्यांच्याशिवाय उंची कळत नाही.
- दिवसाचा आहे का? रात्रीची रोषणाई आणि थर्टी फर्स्टचे फटाके छान दिसतात, पण त्यात इमारतीचा आकार हरवतो.
- फोनवर बोटाच्या पेराएवढा छोटा केला तरी ओळखू येतो का?

फोटो तुमचा, पण हक्क?

हा भाग मलाही नवीन होता. मामाकडे २००८ चा एक फोटो आहे. हेल्मेट घातलेले तिघे जण, मागे अर्धवट टॉवर आणि त्याच्या डोक्यावर क्रेन. कामाच्या ऐन भरात तिथे १२,००० माणसं खपत होती आणि त्यात आपल्या भागातली, म्हणजे भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळमधली माणसं खूप. मला वाटलं, हा फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकावा. टॉवरचे चकाचक फोटो पुष्कळ आहेत, तो बांधणाऱ्यांचे कमी.

पण कॉमन्सचा नियम कडक आहे. तिथला फोटो कोणालाही, अगदी धंद्यासाठीही, वापरता आला पाहिजे. फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो, पण फोटोतल्या इमारतीच्या डिझाइनचाही कॉपीराइट असतो. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला सूट दिलेली आहे. यूएईच्या कायद्यात अशी मोकळी सूट नाही. म्हणून कॉमन्सवरून बुर्ज खलिफाचे बरेच फोटो डिलीट झालेले आहेत. पॅरिसचं तर अजून गमतीदार. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो खुशाल वापरा, पण रात्रीच्या रोषणाईवर वेगळा हक्क सांगितला जातो, त्यामुळे तो फोटो धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी लागते.

तर मामाचा फोटो घरच्या फोल्डरमध्येच राहिला. तुमच्याकडेही असे जुने फोटो असतील तर एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा होतो आणि त्यातली तारीख-वेळेची लपलेली माहिती निघून जाते. मूळ फाइल जपायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मामाच्या जुन्या मेमरी कार्डातली फाइल मी तशीच मागवली. ती तारीख बदलता येते, त्यामुळे तो पक्का पुरावा नव्हे. पण आपल्यापाशी असलेली बरी.

जाता जाता: इमोजीतला टॉवर

कीबोर्डवर लाल-पांढऱ्या टॉवरचा एक इमोजी आहे. आपल्याकडे पॅरिसच्या स्टेटसला लोक तोच टाकतात. तो आयफेल नाही! युनिकोडमध्ये त्याचं नाव 'टोकियो टॉवर' आहे, १९५८ चा, ३३३ मीटरचा. आणि युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेलं नाव पुन्हा कधीही बदलायचं नाही. उद्या टोकियोवाल्यांनी टॉवरचं नाव बदललं तरी इमोजीचं अधिकृत नाव तेच राहणार. बुर्ज खलिफाचा इमोजी मात्र येणार नाही, कारण ठरावीक इमारतींसाठी युनिकोड आता नवीन प्रस्ताव घेत नाही.

मामाचं काय झालं?

मी तीन गोष्टी केल्या. अर्जात प्रोजेक्टच्या रकान्यात लिहिलं, 'बुर्ज खलिफा, ४ जानेवारी २०१० पूर्वीचं नाव बुर्ज दुबई'. सोबत नाव बदलल्याची त्या वेळची एक बातमी छापून जोडली. आणि त्या मुलाला फोन करून त्याच्याच मोबाइलवर जुनं नाव शोधायला सांगितलं. दोन सेकंदांत बुर्ज खलिफाचं पान उघडलं. "अरे, हीच होय!" म्हणाला. अर्ज पुढे गेलाय, इंटरव्ह्यूची तारीख यायची आहे.

तुमच्या घरातही कोणाच्या पत्रावर, मार्कशीटवर, दाखल्यावर जुनी नावं असतील. बंद झालेली कंपनी, नाव बदललेलं कॉलेज, गाव, विद्यापीठ. आजच बसून नवं नाव, जुनं नाव आणि बदलाची तारीख अशी एक ओळ प्रत्येकासाठी लिहून ठेवा आणि एखादा पुरावा फोनमध्ये सेव्ह करा. आणि तुमच्यापैकी कोणी ॲप बनवत असाल, तर शोधाच्या खिडकीमागे जुन्या नावांसाठी एक रकाना ठेवा. खर्च फार नाही.

परवा मामाला विचारलं, "इंटरव्ह्यूत काय सांगशील, कुठे काम केलंस?"

"बुर्ज दुबई," मामा म्हणाला. मग थांबून, "बरं, खलिफा पण सांगतो."