बिनबियांचं केळं, पण बिनधास्त नाही!

परवा विष्णुपुरीत विद्यापीठाच्या गेटबाहेर आम्ही चौघी केळी खात उभ्या होतो. सोलता सोलता एकीने विचारलं, "अगं, याच्यात बिया का नसतात?" चौघीही गप्प! नांदेडात राहायचं, अर्धापूरची केळी खायची आणि एवढंही माहीत नाही? म्हटलं, शोधूनच काढू.

आधी एक करा. केळं मधोमध उभं चिरा. आत बारीक काळे ठिपके दिसतील. ते म्हणजे कधीच न वाढलेल्या बियांच्या खुणा. रानटी केळीचं फळ फोडलं तर उलटं चित्र: आत टणक बियाच बिया, गर नावापुरता.

मग आपल्या केळ्यातल्या बिया गेल्या कुठे? रानटी केळीच्या पेशीत 22 गुणसूत्रं असतात, म्हणजे अकराचे दोन संच. आपल्या केळीत असे तीन संच, एकूण 33. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात आणि निम्मी-निम्मी वाटणी होते. तिघांत जोड्या लागणार कशा? वाटणी फिसकटते, बी धरतच नाही.

पण मग फळ तरी का धरतं? परागीभवन झालं नाही की बहुतेक झाडांची फुलं गळून जातात. केळीत मात्र काही जनुकांमुळे परागीभवनाशिवायच फळ फुगतं. याला अनिषेकफलन म्हणतात. बिनबियांच्या द्राक्षाचं गणित वेगळं. तिथे फलन होतं, पण बी वाढायचं मध्येच थांबतं.

इथवर सगळं मजेशीर वाटतं. खरी गोम पुढे आहे. बीच नाही, तर नवं झाड आणायचं कुठून? शेतकरी मुनवे लावतात, नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं. दोन्हीत नवं झाड म्हणजे जुन्याची हुबेहूब नक्कल. अर्धापुरी, बसराई, ग्रँड नैन ही सगळी एकाच कॅव्हेंडिश गटातली भावंडं. एकाला जो रोग मारेल, तो बाकीच्यांनाही सोडणार नाही.

हे आधी घडलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात 'ग्रोस मिशेल' केळीचं राज्य होतं. पनामा मर रोगाने लॅटिन अमेरिकेतल्या तिच्या बागा संपवल्या, म्हणून कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा 'टीआर 4' हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतोय. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडलाय. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते आणि रोग बरा करणारं औषध नाही. रोगट मुनवे, चिखलाचे बूट, वाहणारं पाणी यांतून ती पसरते.

आशा आहे ती रानटी केळीकडेच. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी रानटी केळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून टीआर 4 ला दाद न देणारी केळी तयार केली. 2024 मध्ये तिला तिथे मंजुरीही मिळाली. बियांनी भरलेलं म्हणून जे फळ आपण थुंकून टाकू, तेच कामाला आलं!

आमच्या चौघींतली एक अर्धापूरकडची. तिच्या घरी केळीची बाग आहे. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "माझी फी त्या घडांतूनच येते गं." मग तिने तिथूनच घरी फोन लावला. पहिलाच प्रश्न होता, "बाबा, यंदाचे मुनवे कुठून आणलेत?"